घेवड्याच्या सहा कुंड्या

४ एप्रिल
मास्तरांच्या टोमॅटोची पानं आखडली म्हणून माझं खत वाईट! दारात उभं राहून सांगून गेले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. निवृत्त झाले तरी आवाज वर्गातलाच आहे. मीही ऐकून घेतलं नाही. म्हटलं, पाणी जास्त झालं असेल, रोपंच किडकी आणली असतील. सात वर्षं दादाच्या तबेल्यातली लीद उचलतेय मी. ढीग रचते, उलटते, आत हात घातला तर चटका बसेल इतका तापू देते, मग सहा महिने मुरवून विकते. लीदवाली म्हणतात मला. म्हणू देत.

६ एप्रिल
आणखी दोन घरांतून तीच तक्रार. हे म्हणाले, वाद घालू नकोस, हवा बदलली असं सांग. पण हवा एकट्या टोमॅटोलाच कशी बाधते? त्याच वाफ्यातली कोबी ठणठणीत आहे.

७ एप्रिल
सहा कुंड्या मांडल्या. तीनमध्ये नुसती माती, तीनमध्ये खत मिसळलेली. सगळ्यांत घेवडा पेरला. मास्तरांना मुद्दाम बोलावून दाखवलं. तोंड बंद करते की नाही बघा!

१४ एप्रिल
सगळं उगवलं. सहाही सारख्या. गुणगुणत भांडी घासली.

२१ एप्रिल
मातीतल्या घेवड्याची पानं सपाट, रुंद. खतातली नळीसारखी वळलेली, शेंडे मुठीसारखे आवळलेले. एका कुंडीत असतं तर रोग म्हटलं असतं. तिन्हींत आहे.
जेवण गेलं नाही.

२२ एप्रिल
रोपांचे फोटो घेऊन शेती खात्यातल्या बाईंकडे गेले. त्यांनी एका नजरेत सांगितलं — तणनाशक. कुरणावर फवारतात. गवताला काही होत नाही, ते खाणाऱ्या घोड्यालाही नाही. औषध मात्र लिदीत उतरतं. ढीग कितीही तापवा, ते लवकर नाहीसं होत नाही. कोबी त्यात तग धरते, टोमॅटो आणि घेवडा नाही.
म्हणजे माझी सगळी मेहनत बरोबर, आणि खत तरीही वाईट!
तशीच दादाकडे गेले. घोडे त्याचे, कुरणही त्याचंच. घोड्याला खरारा करत होता. मान वर न करता म्हणाला, आपण काही फवारलेलं नाही. वर हेही ऐकवलं, की लीद नको असेल तर उद्यापासून दुसऱ्याला देतो. सख्खा भाऊ!

२३ एप्रिल
ह्यांचं एकच — गप्प बस. बोललीस तर धंदाही जाईल आणि माहेरही तुटेल. जाऊ दे. माझ्या हातानं घरोघरी गेलंय ते, मीच सांगणार.
एक बरी कुंडी आणि एक वाईट, दोन्ही उचलून मास्तरांच्या ओट्यावर ठेवल्या.
"तुमचं बरोबर होतं," म्हटलं.
त्यांनी दोन्ही कुंड्यांची पानं उलटून पाहिली. मग विचारलं, "बाकीच्यांना कधी सांगणार?"
उद्यापासून, म्हटलं. फवारलं कुणी, तेही विचारलं त्यांनी. दादाचं नाव तोंडापर्यंत आलं आणि मी गिळलं. तेवढं एक जमलं नाही.

२४ एप्रिल
पाच घरं झाली. दोघींनी दार लावून घेतलं. एकीनं चहा दिला. उरलेली चार उद्या.

२५ एप्रिल
निघताना मास्तरांच्या फाटकातून आत डोकावले. दादा वाफ्यात गुडघ्यांवर बसला होता. टोमॅटो उपटून झाले होते, खालची माती पोत्यात भरत होता. मास्तर म्हणाले, माझं दारोदार सांगणं कानावर गेलं म्हणून सकाळीच आला. त्यांना सगळं सांगून झालं होतं त्याचं — मागच्या साली विषारी तण खाऊन घोडी गेली, तेव्हापासून धसका घेतला, म्हणून फवारलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. घोडी विकली, एवढंच सांगितलं होतं त्यानं.
माझ्याकडे न बघता म्हणाला, "राहिलेली घरं कुठली? तिथे मी सांगतो."