सावलीवरून काढलेली पश्चिम

सर,

आज दिवसभर मी मार्कंड्याला होते. वैनगंगेच्या काठी, त्या कोरीव देवळांच्या आवारात, दोन विद्यार्थ्यांना घेऊन. जुन्या देवळांची दारं नेमकी कोणत्या दिशेला आहेत ते आम्ही मोजतो आहोत. काम तुमचंच आहे, फक्त यंत्रं नवी आहेत. दुपारी झाडाखाली डबे उघडले तेव्हा माझी विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, हे दार बरोब्बर पूर्वेला नाही. चुकलंच ना त्यांचं?" मी तोंड उघडायच्या आत तुमचा आवाज कानात आला, इतका स्पष्ट की हातातला घास हातातच राहिला. म्हणून आता गडचिरोलीला मुक्कामावर परत येऊन लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण तुमच्याशी बोलायचं काही संपत नाही.

मी माजरीची, खाणकामगाराची मुलगी. चंद्रपूरच्या कॉलेजात आले तेव्हा तुमच्या पदार्थविज्ञानाच्या तासाला मागच्या बाकावर बसायची. वर्गात तुम्ही पुस्तकी मराठी बोलायचे आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की आपली. एकदा प्रकाश सरळ रेषेत जातो हे शिकवून झाल्यावर तुम्ही सहज म्हणालात की एवढ्या एका गोष्टीवर माणसांनी यज्ञाच्या वेदी आखल्या, देवळं आखली, मशिदी आखल्या. घंटा झाली, सगळे उठले, मी मात्र टेबलाशी आले. तुम्ही विचारलं, "कुठची तू?" मी सांगितलं, माजरीची, वडील खाणीत आहेत. "मंग अंधाराचं तुले घरीच समजलं असंल," तुम्ही म्हणालात, "आता उजेडाचं पाहू." आणि डस्टर खाली ठेवून अर्धा तास मला सावलीबद्दल सांगत राहिलात.

रविवारी तुम्ही जुनी ठिकाणं मोजत फिरायचे. गोंड राजांच्या काळातली देवळं, भद्रावतीची लेणी, दर्गे, आडवाटेच्या मशिदी. कॉलेजातल्या लोकांना हा छंद विचित्र वाटायचा. पण तुमचे वडील गवंडी होते, अर्ध्या मोहल्ल्याच्या भिंती त्यांच्या हातच्या. भिंत सरळ आहे का, हे तुम्ही लहानपणापासून बघत आला होता. ती कुणीकडे सरळ आहे, हे पुढे स्वतःहून विचारू लागलात. मी पहिल्यांदा तुमच्यासोबत जाऊन आले त्या दिवशी माझी आई चुलीपुढून उठलीच. "आपन देव सोडले, अन् तू दुसऱ्याचे देव मोजून राह्यली का वो?" आमच्या घरी रविवारी विहारात जाऊन वंदना घ्यायची, देवळाच्या पायरीला पाय लावायचा नाही. बाबा ड्युटीवरून येऊन पाय धूत होते. ते हसले. "मोजल्यानं कोनी भक्त होत नाई. जाऊ दे तिले."

तुमच्या घरचं स्वयंपाकघर मला माझ्या घरच्यापेक्षा जास्त आठवतं. जुन्या मशिदींच्या दिशांवरचा तुमचा तो लेख आधी विज्ञानाच्या मासिकाकडून परत आला होता, हा इतिहास आहे म्हणून. मग इतिहासवाल्यांनी परत पाठवला, हे गणित आहे म्हणून. तुम्ही दारातच पाकीट उघडलंत, वाचलंत आणि म्हणालात, "दोन घरचा पाहुना उपाशी." आतून तुमच्या पत्नीचा, माझ्या चाचींचा, आवाज आला, "तिथं राहा उपाशी, इथं जेवून घ्या. बेटी, तू पण बस." मी बसले. दालचा, भात, आंब्याचं लोणचं. जेवता जेवता मी विचारलं की मक्का आपल्या पश्चिमेला आहे ना, मग त्यात मोजायचं काय? तुम्ही ताटावरून उठलात, शिवणाच्या डब्यातला दोरा घेतलात आणि माठाभोवती ताणलात. एका बाजूला चंद्रपूर, दुसऱ्या बाजूला मक्का, दोन्ही जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर. पण दोरा घट्ट ओढला की तो त्या रेषेवर राहीना, वर सरकला, उत्तरेकडे. "पृथ्वी गोल हाय म्हनून. सर्वांत जवळचा रस्ता इथून निघतानाच थोडा उत्तरेले झुकते." चाची ओरडत होत्या, "उष्टे हात माठाला लावू नका हो!" मी मात्र त्या दोऱ्याकडे बघत बसले होते. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या माठावर ठरलं, असं म्हटलं तर तुम्ही हसाल.

आणि मग मशिदीची गोष्ट झाली. तुमच्या मोहल्ल्यातली जुनी मशीद गळत होती, छत नव्याने घालायचं ठरलं होतं. त्याच सुमारास आखातात नोकरी करून आलेला एक तरुण सोबत नमाजाची दिशा दाखवणारं होकायंत्र घेऊन आला. त्याने ते आत ठेवलं आणि सांगितलं की ही भिंत चुकीच्या दिशेला आहे, छताबरोबर तीही पाडून सरळ बांधू. म्हातारे चिडले. बापजाद्यांनी ज्या भिंतीकडे तोंड करून नमाज पढली ती पाडायची? घराघरांत दोन बाजू पडल्या. शेवटी दोन्हीकडचे लोक तुमच्याकडे आले, की मास्टर, तुम्हीच मोजा, तुम्ही सांगाल ते खरं.

हिवाळ्यातली स्वच्छ सकाळ आहे. मी मशिदीच्या दाराशी उभी आहे, आत जावं की नाही ते कळत नाही. मशिदीचं सगळं पाहणारे हाजीसाहेब, पांढऱ्या दाढीचे, मला बघून म्हणतात, "बेटी, चप्पल तिथं काढ अन् ये." अंगणाच्या मधोमध तुम्ही काठी उभी केली आहे, ओळंब्याने तपासून. काठीभोवती खडूने मोठं वर्तुळ काढलं आहे. होकायंत्र तुम्ही खिशातच ठेवलंत. "या जिल्ह्याच्या पोटात लोखंड हाय, अन् या खांबांतही. सुईवर भरोसा नाई." सकाळची लांब सावली आखडत येते आणि तिचं टोक वर्तुळाला टेकतं, तिथे मी खूण करते. आता दुपारनंतर सावली पुन्हा लांबत जाऊन दुसऱ्या बाजूने वर्तुळाला टेकेल, तोवर थांबायचं. त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम. थांबलेल्या वेळात तुम्ही जमलेल्या पोरांना सांगता की यज्ञवेदी आखणारे हेच करायचे, आणि अरबीत लिहिणारे पंडित याच वर्तुळाला हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी, वर्तुळ म्हणायचे.

दुपारी बाबा मला न्यायला आले. मोटारसायकल दाराशी लावून, खाणीतली काळी धूळ अंगावर घेऊन संकोचाने आत डोकावले. "सर, पोरगी मस्जिदीत काय करून राह्यली?" तुम्ही म्हणालात, "सावली धरून राह्यली, भाऊ. बसा." बाबा भिंतीला टेकून बसले. बराच वेळ काठीकडे बघून म्हणाले, "आमच्या खाली अशी सावली नाई राहत सर. टोपीच्या दिव्याची राहते, ते आपल्यासंगच फिरते." हाजीसाहेबांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. बाबा पुढे कित्येक वर्षं त्या दुपारबद्दल बोलायचे.

सावली पुन्हा वर्तुळाला टेकली. आपण दोरी ताणली. भिंत पश्चिमेला होती, अगदी काटेकोर पश्चिमेला. म्हणजे माठावरच्या दोऱ्याच्या हिशेबाने उत्तरेला नऊ-दहा अंश कमी. मला उत्तर सापडल्याचा आनंद आवरेना. "म्हणजे सर, त्यांची चूकच झाली!" तुम्ही दोरी सोडलीत आणि माझ्याकडे वळलात. तुम्हाला रागावलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "चूक म्हनायची एवढी घाई काऊन हाय तुले? त्यांनी कोनता सवाल सोडवला ते माहीत हाय? आपला सवाल त्यांच्या तोंडात टाकते, अन् मंग त्यांचं उत्तर तपासते!" बाबांसमोर मी लाल झाले. तुमचा आवाज मग खाली आला. "इतकी सरळ पश्चिम चुकून नाई येत, बेटा. त्यांनी पश्चिम मागितली, अन् पश्चिमच काढली."

संध्याकाळच्या नमाजाआधी तुम्ही सगळ्यांना तेच सांगितलंत. तुम्ही हिंदीत बोललात, मला ते मराठीत आठवतं. भिंत बरोबर पश्चिमेला आहे. जुन्या लोकांनी इकडे पश्चिम हीच दिशा धरली आणि ती जीव ओतून काढली. आजचा हिशेब म्हणतो, थोडं उत्तरेला. दोन्ही खरं आहे. पुढे काय करायचं हे सावली सांगत नाही, ते तुम्ही ठरवा. मग हाजीसाहेब म्हणाले, "मास्टर, हे सांगितलं नसतं तर चाललं असतं. निवांत नमाज पढत होतो." आणि तो तरुण म्हणाला, "भिंत पाडा असं म्हणणार नव्हता, तर मोजलं कशाला?" तुम्ही म्हणालात, "तुम्ही विचारलं म्हणून."

त्यानंतरचे महिने मी पाहिले आहेत. दोन्ही बाजू तुमच्यावर नाराज. तुमच्याकडे शिकवणीला येणारी मोहल्ल्यातली मुलं एकेक करून थांबली. शुक्रवारी तुम्ही शेवटच्या रांगेत उभे राहायचे आणि लवकर निघून यायचे, असं चाची सांगायच्या. कॉलेजात एका प्राध्यापकांनी हसत विचारलं, "काय सर, तुमचे लोक इतकी वर्षं भलतीकडेच तोंड करून बसले म्हणे?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "तुमच्या गावचं देऊळही मोजून ठेवलं आहे. सांगू?" ते चहा टाकून उठले. तुम्ही हसलात, पण त्या दिवशी डबा खाल्ला नाहीत. मला वाटायचं, एक शब्द इकडे किंवा तिकडे वाकवला असता तर काय बिघडलं असतं. विचारायची हिंमत झाली नाही.

छत झालं. फरशी बसवायची वेळ आली तेव्हा हाजीसाहेब स्वतः तुमच्या घरी आले. मी आत चाचींसोबत लसूण सोलत होते. ते खुर्चीवर बसेनात. उभ्याउभ्याच म्हणाले, "पोरांचं अन् आमचं जमलं. भिंत राहील आपल्या जागी. नमाजाच्या रांगा फरशीवर तिरप्या आखू. तुम्ही या दोरी धरायला. दुसऱ्याच्या हातची दोरी मला नको." तुम्ही टोपी शोधायला आत आलात. टोपी समोर खुंटीवर होती. चाचींनी ती काढून हातात दिली आणि तोंड फिरवून लसणाला लागल्या.

मी पुढे शिकायला बाहेर निघाले तेव्हा तुम्ही मला तुमच्या वडिलांचा पितळी ओळंबा दिलात. म्हणालात, "पोरीच्या जातीनं भिंती बांधू नये असं कुठी लिहिलं नाई." तुम्ही गेलात तेव्हा मी दूरच्या शहरात होते. चाचींचा फोन आला तोवर माती झाली होती.

आज त्या विद्यार्थिनीला मी तुमचंच वाक्य ऐकवलं, की त्यांनी कोणता प्रश्न सोडवला ते आधी बघ. ती काही दबली नाही. "मग कोणता सोडवला, मॅडम?" मी म्हणाले, माहीत नाही. कदाचित पाया घातला त्या दिवशीचा सूर्य, कदाचित नदी, कदाचित आणखी काही. तिला ते उत्तर आवडलं नाही. तुम्हाला ती पोरगी आवडली असती.

हे पत्र मी तुमच्या मुलीलाही दाखवणार नाही, कारण एक गोष्ट तिला कळू द्यायची नाही. मागच्या महिन्यात ती मला कब्रस्तानात घेऊन गेली. मी पहिल्यांदाच तुमच्या कबरीशी उभी होते. आजूबाजूला गवत वाढलं होतं, ती हाताने उपटत होती. उपटता उपटता म्हणाली, "ताई, मशीन आणलं आहेस ना? अब्बांचं तोंड मक्केकडे करून ठेवलंय, दिशा बरोबर आहे का बघ की. त्यांना आवडलं असतं." मी पिशवीत हात घातला, यंत्र हाताला लागलंही. मग म्हणाले, बॅटरी उतरली आहे.

बॅटरी भरलेली होती, सर.