बाशिंगाच्या भेंडाची माशी

गुरुवार, माघ, १९४६

माशी तरंगली एकदाची. लिहितालिहिता दोनदा उठून पाहिलं, अजून वरच आहे.

लढाईत गोळी लागून उजवी बोटं आखडली, तेव्हा इस्पितळातल्या गोऱ्या डॉक्टरनं बोटं मोकळी व्हावीत म्हणून ट्राउट मासा फसवायची ही खोटी माशी गळावर बांधायला शिकवली. घरी केलेल्या सगळ्या बुडाल्या. आज आढ्याचं आमच्या लग्नातलं बाशिंग काढलं, त्याचं हलकं भेंड कापून दोऱ्यानं गळावर बांधलं. हिला आधी विचारायला नको होतं का? दुपारभर तीच धास्ती.

शेवटी सांगून टाकलं. ही परातीतल्या पाण्यावरची माशी बघत राहिली. म्हणाली, "आवं, एवढी बारीक गाठ कुणी मारली?"

"मीच. उजव्या हातानं."

उठली, उरलेलं बाशिंग आणून माझ्यापुढं ठेवलं. "ह्याच्याबी करा."