भुशाच्या राशीखाली

माय,

कारखान्यातल्या त्या अपघाताला बरेच दिवस झाले, पण चित्त अजून थाऱ्यावर नाही. भाजी चिरायला घेतली की विळी बाजूला सारावी लागते.

तू असताना आपल्याकडे भुशाची शेगडी होती. पत्र्याच्या डब्यात तू मधोमध बाटली उभी धरायचीस, मी भोवती राइस मिलचा भुसा ठासायची, मग बाटली अलगद वर ओढायची. एकदा माझा धक्का लागला आणि सगळा भुसा आत ढासळला. “काऊन हालवली? आता भात का माह्या डोस्क्यावर शिजवू?” म्हणत तू धपाटा घातला होतास. नंतर स्वतःच हसत सुटलीस.

आता गोंदियाबाहेर त्याच भुशाचा कारखाना आहे, आणि मी तिथे सुपरवायझर. भुसा आणि धानाचं वाळलं तणस दाबून बोटाएवढ्या कांड्या करतात. कोळशाऐवजी त्या बॉयलरमध्ये जातात. गोदामात भुशाची रास छपराला टेकते. खालून फिरता पट्टा भुसा मशीनकडे ओढतो, वरून रास हळूहळू खचते. त्या दिवशी भुसा ओलसर होता. खाली पोकळी झाली तरी वरचा थर तसाच उभा. आमची एक कामकरीण तो थर पाडायला बांबू घेऊन वर चढली. मी दारातून ओरडले, “उतर, पट्टा चालून राहिला!” तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि पुढच्या क्षणी तिथं कुणीच नव्हतं. नुसती धूळ. किंकाळीसुद्धा नाही.

मी धावत जाऊन पट्टा बंद केला. माणसं फावडी घेऊन आली. मी फावडी हिसकावली. तिच्या डोक्याला लागलं असतं. बांबूचं टोक वर दिसत होतं, जरासं हलत होतं. भुसा अडवायला त्याच्याभोवती पत्रे रोवले आणि आम्ही हातांनी उपसायला लागलो. जितका उपसू तितका भुसा पुन्हा घरंगळून येतो. मग बोटांना केस लागले. चेहऱ्यावर पदर घट्ट दाबून धरलेली ती, निळी पडलेली, खोकली. तो खोकला ऐकून मी तिच्या तोंडावरचा भुसा पुसला.

ती वाचली, माय. दवाखान्यातून घरी आल्यावर मी भेटायला गेले, तर म्हणाली, “आत लय शांत होतं मॅडम. त्याचंच भेव वाटलं.” आता राशीवर कुणी चढत नाही. मालकाला मी तोंडावर सांगितलं, पट्ट्यावर जाळी बसल्याशिवाय तो सुरू होणार नाही. बसली जाळी.

सगळे म्हणतात, बाईनं डोकं शांत ठेवलं. हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही, म्हणून तुला खरं सांगते. पट्ट्याकडे धावताना मी ओरडत होते, मशीनच्या घरघरीत कुणाला कळलं नाही. तिचं नाव मला ठाऊक होतं. पण मी तुला हाका मारत होते.