आत्याची एकुलती एक कोंबडी

प्रिय मुकाबानादादास,

धाकट्या लिहांदाचा वाकून नमस्कार (गुडघा वाकत नाही, पण वाकलो असं समज). नैरोबीची हवा मानवते ना? वहिनींचा खोकला गेला का? इकडे सगळे ठणठणीत आहेत. फक्त आपली नाफुलाआत्या सरकारदरबारी श्रीमंत ठरली आहे.

झालं असं, की म्हाताऱ्या गरिबांना सरकार दरमहा पैसे देणार म्हणून घरोघर पाहणी निघाली. आता आत्याहून गरीब गावात कोण? छपरातून आभाळ दिसतं आणि नवा मका यायच्या आत जुना संपतो. मी आदल्या दिवशी जाऊन बजावलं, की फाटका झगा घाल, खोकत राहा आणि कमी बोल. ती हो हो म्हणाली (तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं). दुसऱ्या दिवशी पाहणीच्या साहेबाला घेऊन जातो तो काय! आत्या चर्चच्या निळ्या झग्यात, शेजारणीच्या फुलाफुलांच्या कपबश्या मांडून उभी, आणि चुलीवर कोंबडी रटरटतेय. एकुलती एक कोंबडी, दादा! पाहुण्याला कोंबडी घातली नाही तर आपल्या लुह्या लोकांत नाक कापलं जातं, हे मला का ठाऊक नाही? पण हा पाहुणा नव्हे, सरकार आहे, हे तिला कोण सांगणार? साहेबाने मक्याच्या उगालीचे गोळे रश्शात बुडवून हाणले, एक तंगडी साफ केली (दुसरीचं नंतर सांगतो), बोटं चाटली आणि त्याच बोटांनी लिहिलं, की घरात मांसाहार, भारी कपबश्या, मदतीची गरज नाही.

मी बोंब ठोकली तेव्हा गावच्या चीफने सभा बोलावली. निवृत्त शितांदा मास्तर उठले. म्हणाले, गरिबी उधळपट्टीतून आणि आळसातून येते. कोंबडी राखली असती तर अंडी, अंड्यांतून पिल्लं, पिल्लांतून गाय! आमुकोया शिंपी उसळला, की गरिबी सरकारच करतं, नाहीतर ऐन जेवणाच्या वेळी माणूस पाठवला असता का? आणि आळशी कुणाला म्हणता? ती पहाटेपासून खुरपते, तुम्ही वर्गात घोरायचात (खरं आहे, आपण ऐकलंय). मग गाडी निवडणुकीवर गेली आणि आत्याला सगळे विसरले. शेवटी चीफनेच विचारलं, "आत्या, तुम्ही गरीब आहात हे साहेबाला का नाही सांगितलं?"

आत्या म्हणाली, "जेवत्या माणसाला असलं सांगतात होय? घास उतरला असता का त्याच्या घशाखाली?"

सभा खो खो हसली. मी पण हसलो, आणि मग मला रडूच आलं. चीफने गुरुवारी दुसरा साहेब पाठवायचं कबूल केलंय.

तुझा,
लिहांदा

ता. क. : खुराड्यात आता पीससुद्धा नाही. आत्या म्हणते, गुरुवारी पाहुण्याला घालायला काही नसेल तर ती दारच उघडणार नाही. तेव्हा एक कोंबडी हवी. (पुन्हा तेच होणार, हे मलाही कळतंय. तू तिला समजावून बघ.)

ता. क. २ : दुसरी तंगडी मी खाल्ली. आत्याने आग्रह केला. साहेबाने कागदावर 'धष्टपुष्ट भाचा जेवायला असतो' असंही लिहिलंय.

ता. क. ३ : आत्या सांगू नको म्हणाली होती, पण सांगतो. ती कोंबडी तुझी होती. गेल्या नाताळला तू येशील म्हणून राखलेली, मग या नाताळला येशील म्हणून. तेव्हा बसच्या कंडक्टरबरोबर काही पाठवू नकोस. कोंबडी घेऊन तूच ये.