उपळसरीची मुळी

माय,

आज सकाळी पोत्यांवरची धूळ झटकत होतो, तेवढ्यात गल्लीतली म्हातारी नातवाला कडेवर घेऊन दुकानात आली. पोराचं तोंड आलेलं, दूध पिईना. मी लगेच उपळसरीची पुडी पुढं केली. चांगला माल, परवाच पोतं फोडलेलं. तर म्हणते, "ते ऱ्हाऊ दे बाबा. तुझ्या बायकोला हाक मार." माझ्याच दुकानात, माझ्याच गादीसमोर! तुझी सून आतून आली, डोंगरातून आणलेली तिची मुळी सहाणेवर दुधात उगाळली, बोटानं पोराच्या तोंडात फिरवली. पैसा घेतला नाही. जाताना म्हातारी म्हणाली, "तुजं चालू दे दुकान." मी हसलो. हसण्यात मी कधी कमी पडलेलो नाही. पण आतून लई जळालो.

तू डोंगरातून ओटीभर मुळ्या आणायचीस आणि घरभर गोड वास सुटायचा. उन्हाळी लागली की मुळीचं थंड पाणी, अंगावर पुरळ उठलं की काढा, तोंड आलं की उगाळून. माझ्या पोत्यातली मुळी नाकाला लावून म्हणायचीस, "हिचा जीव वाटंतच गेलाय." दुसऱ्याच्या दुकानात पुड्या बांधत बांधत मी हे काष्ठौषधीचं दुकान उभं केलं, पाटीवर तुझं नाव घातलं. आणि तू परातीत मुळ्या निवडता निवडता सुनेला जवळ बोलावलंस.

भिंतीच्या अलीकडं मी जेवतोय, पलीकडं तू तिला सांगतेयस. माझे कान तिखट, तुला माहीतच. आदल्या संध्याकाळी उपळसरीच्या वेलाला हळदकुंकू, तांदूळ वाहायचे, म्हणायचं, 'उद्या येते, माझ्यासंगं चल.' सकाळी उन्हाच्या आधी जायचं, वाटेत कुणाशी बोलायचं नाही. लोखंड लावायचं नाही, काठीनं उकरायचं, निम्मी मुळी मातीत ठेवायची. एकूण एक शब्द ऐकला. ताट तसंच ठेवून आत आलो.

"मला कावून न्हाई सांगत?"

"तू औषधाचा पैसा घेतो, बाबा. पैसा घेणाऱ्याच्या हाताला गुण न्हाई."

भाजीत मीठ कमी पडलंय म्हणावं, इतक्या सहज बोललीस. मग वर म्हणालीस, "जा, जेव. भाकर वाळंल."

तू गेलीस त्याला आता बरीच वर्षं झाली. सुनेबद्दल माझी तक्रार नाही, तिच्या हाताला गुण आहे, सगळी गल्ली सांगते. तेच तर ऐकवत नाही. ती तुझ्यासारखीच ओटी धरून उतारावरून येते, तुझ्यासारखीच मुळी नाकाला लावते, आणि मी गादीवर बसून बघत राहतो.

परवा मला म्हणाली, "उद्या चला की संगं. दाखवते. त्यात काय एवढं?"

"आन् दुकान कोण बघल?" मी म्हणालो.

ती तांदूळ घेऊन वेलाला बोलवायला निघून गेली.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून तुला सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. अमावस्येला आपलं दुकान बंद असतं, हे तिलाही ठाऊक होतं. माहिती मला नकोच होती, माय. ती तर मी कधीच ऐकली होती. तू माझ्याकडं बघून सांगायला हवं होतंस.