पेजेचा गंज

रायपूर, १२ जानेवारी २००४

प्रिय आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते. गुडघा कसा आहे? तेल लावून राहिली ना?

माझ्या उजव्या हातावरच्या भाजल्याच्या जुन्या डागात जखम झाली होती. ती भरूनच नव्हती राहिली, म्हणून तुकडा तपासला. कॅन्सर निघाला. घाबरू नको, पसरला नाही म्हणतात. उद्या तेवढा भाग काढतील आणि पोटाची कातडी लावायले हात तीन आठवडे पोटालेच शिवून ठेवतील. तोवर हे मले भरवतील. वरण-भात यांले जमते.

काल डॉक्टर म्हणाले, "दो उँगलियाँ शायद न बचें. तैयार हो?" मी हव म्हटलं. हे उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

तू त्या उकळत्या पेजेचा दोष स्वतःले देशील, मले माहीत आहे. आई, तो पेजेनं भरलेला गंज तू चुलीच्या काठावर नव्हता ठेवला. मीच ओढला होता. सहा वर्षांची होती, मार खायच्या भीतीनं बोलली नाही. मग तू रडून राहिली तरी बोलली नाही.

येऊ नको असं लिहायलेच बसली होती. पण ये. हे स्टेशनवर येतील.

तुझीच,
शर्मिष्ठा