चोपन्न रिकाम्या चौकटी

सालातिगा, जावा,
१९ सप्टेंबर १९९६

म्बाक वुरी,

सलाम. आधीच कबूल करून टाकतो. हे पत्र मी जून महिन्यापासून लिहितोय. चार वेळा सुरू केलं आणि चारही वेळा उठून गेलो. एकदा तर 'तू बरी असशील' इथपर्यंत आलो आणि बाहेर कुणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती, म्हणून बघायला गेलो. परत आलो तो दुसऱ्या दिवशी. तुझा धाकटा भाऊ अजून तसाच आहे, एवढं त्यावरून ओळख.

तुझा पत्ता शेजारच्या बू सार्मींनी मिळवून दिला. त्यांची सून हाँगकाँगहून परत आली. दर रविवारी आपल्याकडच्या बायका ज्या बागेत जमतात, तिथे तू तिला दोनतीनदा दिसली होतीस म्हणे. केस कापलेस, असं ती म्हणाली. मला तू वेणीतच आठवतेस.

मधली चार वर्षं मी घरी नव्हतो. सोळाव्या वर्षी निघालो. सुराबायाला ट्रकवर होतो, मग बालीत हॉटेलच्या भिंती रंगवल्या, मग एका मासेमारीच्या बोटीवर स्वयंपाक केला. खरं म्हणजे भात करपवला, असं म्हणायला पाहिजे. बोटीवरचा एक म्हातारा डोळे मिटून जाळं विणायचा आणि विणताना... जाऊ दे, ती गोष्ट लांब आहे. जूनमध्ये बू सार्मींचा निरोप आला, 'बाप बघायचा असेल तर ये.' म्हणून आलो.

बापाकना साखरेचा आजार आहे, हे तुला माहीत असेल-नसेल. उजवा पाय काळा पडलाय. डोळे फेब्रुवारीत गेले. उजेड-अंधार कळतो, माणूस कळत नाही. मी दारात उभा राहिलो तर म्हणाले, "कोण? पोस्टमन का?"

मी म्हटलं, "हांतो."

"असं? मग चपला बाहेर काढ."

चार वर्षांनंतरचं स्वागत हे एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पलंगाखालून बिस्किटांचे पत्र्याचे डबे ओढायला लावले. तुला ते डबे आठवत असतील, आपल्याला हातही लावू द्यायचे नाहीत. जुना अल्बम वाळवीने खाल्ला. पुठ्ठा बाहेरून धड दिसतो आणि आत नुसता भुगा. तिकिटं निम्मीअधिक वाचली, चार हजारांच्या आसपास असतील, सगळी एकमेकांत मिसळलेली. नवा अल्बम त्यांनी कुणाकडून तरी आणवून ठेवला होता. म्हणाले, "डोळे तुझे, डोकं माझं. रमजानच्या आधी लावून झालं पाहिजे."

मी म्हटलं, "रमजान जानेवारीत आहे, घाई कसली?"

त्यांनी चाचपून अल्बम माझ्याकडे सरकवला. त्यांच्याकडे रमजानपर्यंत वेळ आहे का, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

तर गेले तीन महिने आम्ही हे करतोय. ते पलंगावर पडून, मी जमिनीवर बसून. मी चिमट्याने तिकीट उचलतो आणि सांगतो, फूल आहे, तांबडं, कोपरा दुमडलाय. ते म्हणतात, "कडेचे दाते मोज." मी मोजतो. ते म्हणतात, "पुन्हा मोज." शाळेत मला शिकवलं तसंच. फरक एवढाच की आता पट्टी मारायला त्यांना मी दिसत नाही.

पहिल्याच आठवड्यात मी घोळ घातला. दमट हवेने बरीच तिकिटं एकमेकांना चिकटली होती. लहानपणी पाकिटावरचं तिकीट पाण्यात सोडायला त्यांनीच शिकवलं होतं ना, मग मी इनॅमलच्या तसराळ्यात सगळीच सोडली आणि वर्तमानपत्रावर छान वाळत घातली. त्यांनी एक उचललं, बोटांनी चाचपलं आणि सरळ जिभेला लावलं.

"गोंद कुठे गेला?"

"धुतला."

"ही न वापरलेली तिकिटं होती, गाढवा! पक्ष्यांची अख्खी मालिका! यांचा गोंदच तर जपायचा असतो. पंचवीस वर्षं पावडर लावून जपला मी!"

बू सार्मी तेवढ्यात तळलेले तेंपे घेऊन आल्या होत्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "गुरुजी, तुमचा मुलगा एवढी वर्षं भटकला आणि शेवटी धुणी धुवायला शिकून आला. कुठल्याही मुलीचं कल्याण होईल."

बापाक हसले, म्बाक. मी बघितलं. मग लगेच खोकल्यासारखं केलं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. देश लावत लावत आम्ही भारत, जपान, मलाया उरकलं. मी म्हटलं, "आता हाँगकाँग?"

"ते लावून झालंय. कपाटात काळी वही आहे. तिला हात लावायचा नाही."

नको म्हटलं की मी बघणारच. ते झोपल्यावर दुपारी कपाट उघडलं.

म्बाक, तुझी तिकिटं आहेत. सगळी. राणीचं डोकं असलेली तीच तीच साधी तिकिटं, त्रेचाळीस. कुठलाही संग्राहक एकसारखी त्रेचाळीस ठेवत नाही. एक ठेवतो, बाकीची वाटतो किंवा बदलून घेतो, हे तुलाही माहीत आहे. आणि ती किमतीनं किंवा रंगानं लावलेली नाहीत, शिक्क्यावरच्या तारखेनं लावलीत. फेब्रुवारी अठ्ठ्याऐंशीपासून, दर महिन्याला एक. प्रत्येकाखाली त्यांच्या त्या शाळेतल्या अक्षरात महिना आणि साल. जानेवारी एकोणनव्वदच्या खाली बारीक लिहिलंय, 'शिक्का पुसट. हात थंडीने गारठला असेल.'

टपाल कचेरीतल्या कारकुनाचा हात थंडीने गारठला, असं त्यांना म्हणायचं होतं की आणखी कुणाचा, हे मला माहीत नाही.

तू गेल्यावर घरात काय झालं, हे तुला अर्धंच माहीत आहे. गुरुजींची मुलगी दुसऱ्यांच्या फरशा पुसायला परदेशात गेली, तेही ठरलेलं लग्न टाकून, हे त्यांना गावात तोंड दाखवण्यासारखं वाटलं नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते उघडलं नाही, माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "तिकीट कापून मला दे. बोटभर कागद ठेवून काप, शिक्का तुटला नाही पाहिजे. बाकीचं चुलीत." मी बारा वर्षांचा होतो. मी कोपरा कापायचो, आणि चुलीत घालायच्या आधी इबूला पत्र वाचून दाखवायचो. आपल्या आईला अक्षर येत नव्हतं ना. ती भाजी चिरत ऐकायची. तू लिहिलेलं सगळं तिला ठाऊक होतं, त्या घरातल्या मुलाचं नाव, तुला झोपायला दिलेली इस्त्रीची खोली, सगळं. हे तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगतो.

त्या त्रेचाळीस तिकिटांच्या नंतर वहीत काय आहे, ते ऐक.

संग्राहकाकडे मालिकेतलं एखादं तिकीट नसेल तर तो त्याच्यासाठी पेन्सिलीने चौकट आखून ठेवतो, खाली नाव लिहितो. बारा ऑगस्ट एक्याण्णवचं तुझं शेवटचं तिकीट आहे. त्याच्या पुढे चौकट, खाली 'सप्टेंबर १९९१'. रिकामी. मग ऑक्टोबर. मग नोव्हेंबर. पान उलटलं की आणखी. मी मोजल्या, पुन्हाही मोजल्या. चोपन्न आहेत. ते एकदम आखून मोकळे झालेले नाहीत. पेन्सिल कधी गडद, कधी फिकी, म्हणजे दर महिन्याला एकेक आखलीय. शेवटच्या दहा-बारा वाकड्या आहेत, रेघा कोपऱ्यात भेटतच नाहीत. शेवटची फेब्रुवारी शहाण्णवची. अर्धीच.

ते जागे झाल्यावर मी वही मांडीवर घेऊनच बसलो होतो. पानाचा आवाज त्यांना कळला. रागावले नाहीत.

मी विचारलं, "या चौकटी कसल्या?"

म्हणाले, "मालिका अपुरी आहे."

"एवढी वर्षं?"

"बंद झाली असं कुणी कळवलं नाही. कळवल्याशिवाय मालिका बंद धरत नाहीत."

आणि मग म्हणाले, "तुझी आई गेली आणि पोरीने लिहायचंच सोडलं. म्हणजे आईसाठीच लिहीत होती. ठीक आहे. त्यात काय."

मी बाहेर जाऊन चहा टाकला. दोनदा उतू गेला.

म्बाक, आता जूनपासून जे टाळतोय ते लिहितो. उठून जाऊ नये म्हणून दाराला कडी घालायचा विचार केला होता, पण असू दे.

तुझं शेवटचं पत्र मी वाचलं होतं. इबूला जाऊन तीन महिने होत आले होते, वाचून दाखवायला घरात कुणी नव्हतं. सवयीने चुलीपाशी बसून एकट्यानेच वाचलं. 'इबूच्या शंभराव्या दिवसाच्या जेवणाला मला येऊ दे. हांतो, तूच बापाकना विचार. त्यांनी हो म्हटलं तर एक ओळ लिही. ओळ आली नाही तर मी समजेन, आणि पुन्हा त्रास देणार नाही.' मला शब्दन् शब्द पाठ आहे.

मी विचारलं नाही.

मी तिकीट कापलं, भिजवलं, वाळवलं, त्यांच्या हातात दिलं. त्यांनी भिंगातून बघितलं आणि खूश झाले. "शिक्का बघ कसा गोल आलाय," म्हणाले. तेव्हाच विचारायचं. तोंड उघडलंही होतं मी. पण विचारलं असतं तर पत्रं वाचतो हे कबूल करावं लागलं असतं, तीन वर्षं इबूला वाचून दाखवली हेही. पट्टी मला नवीन नव्हती. पण गेलेल्या आईबद्दल ते काही बोलले असते, ते मला ऐकायचं नव्हतं. म्हटलं, उद्या विचारू. उद्या जेवणाच्या तयारीला बायका आल्या. परवा मी पतंग उडवायला गेलो. ऑगस्ट होता, वाऱ्याचे दिवस, सगळं आकाश पतंगांनी भरलेलं. पत्र गादीखाली होतं. चुलीत टाकवत नव्हतं, कारण त्याला उत्तर द्यायचं होतं. मग शंभरावा दिवस होऊन गेला. मग त्याचा काही उपयोगच उरला नाही.

तुझा कागद निळा, पातळ होता. मी त्याचा पतंग केला. पहिल्याच दिवशी कुणीतरी कापला आणि तो बांबूच्या बेटापलीकडे गेला. मी धावलोसुद्धा नाही.

तू समजलीस की त्यांनी नाही म्हटलं. ते समजले की तू संपवलंस. दोघांच्या मध्ये फक्त मी होतो, पंधरा वर्षांचा, आणि पुढच्या वर्षी मी पळून गेलो. लोकांना सांगताना मी म्हणायचो, जग बघायचं होतं.

माफी मागत नाही. ती मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि ते ओझंही मीच घातल्यासारखं होईल. एवढंच सांगतो की दार बंद नव्हतं. आणि डॉक्टर म्हणतात, येता पावसाळा संपेपर्यंतचं सांगता येत नाही. रजा मिळते की नाही, मालकीणबाई कशी आहे, मला काही माहीत नाही. जमलं तर ये. नाहीच जमलं तर चार ओळी लिही. काहीही लिही. हवामान लिही.

त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. तुला आधी लिहायचं, मग त्यांना सांगायचं, असं ठरवलंय. म्हणजे पुन्हा उद्याच.

थांब. कुणीतरी आलंय.

म्बाक, बापाक आलेत. दोन महिने पलंगावरून पाय खाली न टाकलेला माणूस भिंतीला धरून, काळा पाय ओढत, या खोलीच्या दारात उभा आहे. मी उठून धरायला गेलो तर हात झटकला. खुर्चीत बसलेत. समोरच. घाम पुसतायत.

"सकाळपासून कागद खरडतोयस," म्हणाले. "एवढं लांब कुणाला लिहितात?"

मी म्हटलं, "म्बाक वुरीला."

पाच वर्षांत या घरात तुझं नाव मोठ्याने कुणी घेतलं नव्हतं. त्यांनी खुर्चीचा हात सोडला. मग दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले.

"वाच," म्हणाले. "पहिल्या ओळीपासून. काही गाळायचं नाही."

एवढ्या ओळी मी फक्त वेळ काढायला लिहितोय. त्यांना पेनाचा आवाज ऐकू येतोय, आणि ते थांबलेत. आता पेन खाली ठेवतो आणि वाचतो. सगळं, पतंगाचंसुद्धा. वाचून झाल्यावर यात काही वाढवणार नाही आणि काही खोडणार नाही. हे पाकीट तुझ्या हातात पडलं, तर समज की त्यांनी ऐकलं आणि तरीही ते टपालात पडू दिलं.

तुझी ओळ तुझ्यापर्यंत पोचू न देणारा, तुझा भाऊ,
हांतो